उघडं राहणारं पुस्तक

"मावशी, कव्हर काढायचं नाही. नुसतं आत बघायचं," असं म्हणत ग्रंथपाल बाईंनी तीन पुस्तकं टेबलावर मांडली. तिन्हींना खाकी कागद चढवलेला, कोपरे शाळेच्या वह्यांसारखे नीट दुमडलेले.

"हे काय, परीक्षा घेताय की काय माझी?"

"पुस्तकांची घेतेय. तुमची घ्यायची कुणाची टाप आहे?"

मावशीने चष्मा ओढणीला पुसला आणि खुर्ची पुढे ओढली. ग्रंथपाल बाई वयाने तिच्या निम्म्याच असतील, पण कपाळावरच्या आठीमुळे सगळे त्यांना बाई म्हणत. पुढच्या शनिवारपासून ग्रंथालयात वर्ग सुरू व्हायचा होता. गळाला माशी बांधण्याचा. एखादं पीस, वीतभर दोरा, सशाचे चार केस, एवढ्या भांडवलावर गळाभोवती अशी माशी बांधायची की नदीतल्या माशाला ती खरी वाटावी आणि त्याने तोंड घालावं. हे काम मावशी एकतीस वर्षं करत होती, धाकट्या भावाच्या गळ-दोऱ्यांच्या दुकानामागच्या खोलीत बसून. सगळी आळी तिला माशीमावशी म्हणे. नव्याने राहायला आलेल्यांना वाटे, बाई फार स्वच्छतेच्या मागे लागलेली असणार.

वर्गाला दहा जणांनी नावं दिली होती. त्यातल्या एकानेही जन्मात कधी माशी बांधली नव्हती. प्रत्येकाच्या हाती एकेक पुस्तक द्यायचं होतं, आणि इथे जे निवडलं जाईल तेच आसपासच्या चौदा ग्रंथालयांतही जाणार होतं. यादी संध्याकाळी पाठवायची होती.

"नवशिक्याला चांगलं ते सांगा हं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला आवडेल ते नको."

"मला कशाला लागतंय पुस्तक?" असं म्हणत मावशीने सगळ्यात जाडजूड पुस्तक मधोमध उघडलं आणि दोन्ही हात काढून घेतले. पुस्तक क्षणभर थबकलं, मग पानं सळसळत मिटून गेलं.

"हे बाद."

"अहो, एक ओळ तरी वाचा!"

"एका हातात दोरा, एका हातात पीस. पान धरायला तिसरा हात कुठून आणायचा? की नाकाने धरायचं?"

"पण यात दोनशे प्रकार आहेत, मावशी."

"म्हणून तर. पहिल्या दिवशी दोनशे माशा दाखवल्या की माणूस घरी जाऊन झोपतो. नवशिक्याला आठ पुरतात. त्यातल्याही सहा तो बिघडवतो."

दुसरं पुस्तक पातळ होतं, त्यात हाताने काढलेली चित्रं होती. मावशीने दोनच पानं उलटली. "हे समोर बसून काढलंय. बांधणाऱ्याला सगळं उलटं दिसणार. मान वाकडी करकरून जीव जाईल बिचाऱ्याचा."

तिसरं पुस्तक मात्र उघडलं तसं उघडंच राहिलं, उन्हात मांजर पसरावं तसं. मोठाले फोटो, बांधणाऱ्याच्या खांद्यावरून घेतलेले, मनगटापासून पुढचे हात तेवढे दिसतील असे. आठच माशा. पहिली मोठ्या गळावर, म्हणजे चुकलेलं डोळ्यांना दिसावं. मावशीच्या तोंडून आपोआप 'हं' निघालं. ती बोटाने ओळ धरून मोठ्याने वाचू लागली.

"'नेढ्यामागे दोन वेढ्यांची जागा मोकळी सोडा. तिथे पाहुणा यायचाय असं समजा.'"

सुईला असतं तसं गळाच्या टोकालाही नेढं असतं, पुढे त्यातून दोर ओवायचा असतो. नवशिके हटकून पार नेढ्यापर्यंत पीस गुंडाळत नेतात. मग शेवटची गाठ मारायला जागाच उरत नाही, आणि सगळी माशी उसवावी लागते. हे न सांगणारं पुस्तक मावशीने दारातही उभं केलं नसतं.

"वा! लिहिणाऱ्याने स्वतः माशा बांधलेल्या दिसतायत हो," ती म्हणाली, आणि तिथेच अडखळली.

पाहुणा यायचाय. हे वाक्य बाबांचं होतं. बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली होती, आणि त्या घराबाहेरच्या कुणाच्या कानावर ते वाक्य जायचं कारण नव्हतं.

तिने फोटो जवळ घेतला. उजवा हात दोऱ्याचे वेढे देत होता. करंगळी जराशी बाहेर काढलेली, अंगठा दोऱ्यावर झोपवलेला. अंगठ्याच्या नखावर मधोमध उभी चीर. मावशीने स्वतःचा अंगठा पुढे धरला. तशीच चीर. पण डाव्या हाताला. फोटोतली उजव्या हाताला. आपल्याच कुणा नातेवाइकाला परक्या कपड्यांत रस्त्यात पाहावं, तसं तिला झालं. ओळख तर पटते, पण हाक मारवत नाही.

"ठरलं ना? हेच ना?" बाईंना धीर निघेना. त्यांनी खाकी कागद सर्रकन ओढून काढला. "मला ठाऊकच होतं! भावाचं म्हणून तुमचा कल जाईल, म्हणून मुद्दाम झाकलं होतं. बघा, न बघता तेच निवडलंत!"

कव्हरवर मोठ्या अक्षरांत 'पहिली माशी' होतं. त्याखाली धाकट्याचं नाव. मागे त्याचा फोटो, दुकानाच्या पाटीखाली हाताची घडी घालून उभा.

"दोन महिने झाले बाजारात येऊन. तुम्ही तर छापायच्या आधीच वाचलं असेल."

"हो," मावशी म्हणाली. "वाचलंय की." मग पुस्तक मिटून तिने छातीशी धरलं. "संध्याकाळपर्यंत सांगते. नेऊ ना हे?"

ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर बसून तिने पहिल्यापासून पानं उलटली. मागच्या हिवाळ्यात धाकट्याने तीन दिवस फोटोवाला आणला होता. दुकानाच्या जाहिरातीसाठी, म्हणाला होता. तो स्वतः शेजारी वही घेऊन बसला होता. "ताई, बांधता बांधता बोल. मनात येईल ते बोल." त्या तीन दिवसांत तिने आयुष्यभराचं बोलून घेतलं होतं. आदल्या रात्री लिंबाची फोड घेऊन बोटांवरचे पिसांच्या रंगाचे डाग घासले होते, नखं कापली होती. एकतीस वर्षांत तिच्या हातांकडे कुणी इतका वेळ पाहिलं नव्हतं, आणि तिला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं. फोटोवाल्याला तिने स्वतःच्या डब्यातला घास काढून दिला होता.

गळ घट्ट धरणारा चाप प्रत्येक फोटोत होता. त्याची पितळी कळ उजवीकडे दिसत होती. पितळी कळीचा असा चाप एकच होता, तिचा, आणि त्याची कळ डावीकडे होती. लहानपणी आई तिचा डावा हात रुमालाने खुर्चीला बांधून ठेवी, उजव्याने लिहायची सवय लागावी म्हणून. बाबांनी तो रुमाल सोडला होता. "माशाला काय विचारायचंय, कुठल्या हाताने बांधलीय म्हणून?" असं म्हणत त्यांनी लेथवाल्याकडून तिच्यासाठी उलट्या कळीचा चाप करून आणला होता.

म्हणजे फोटो उलटवले होते. आईला जे रुमालाने साधलं नाही, ते धाकट्याने छापखान्यात करून घेतलं होतं.

पहिल्या पानावर अर्पणपत्रिका होती: 'माझ्या हाती पहिलं पीस देणाऱ्या बाबांना.'

ती ओळ तिने दोनदा वाचली. धाकट्याच्या हाती पहिलं पीस दिलं होतं ते तिने. तो सहा वर्षांचा होता. त्याच्या तळव्यांना घाम येई, पीस चिकटून बसलं, सुटेना. झटकून झटकून तो रडायला लागला. तिने त्याचे दोन्ही हात आपल्या फ्रॉकला पुसले, फुंकर मारली. "असू दे रे राजा. तू दुकानात पुढे बस, मी मागे बसते." अंगठ्यावरची ती चीरही त्याचीच देणगी होती. दोन वर्षांचा असताना त्याने तिच्या अंगठ्यावर कपाटाचा खण ढकलून दिला होता. आईला तिने सांगितलं होतं, माझ्याच हातून झालं.

दुकानात गिऱ्हाईक होतं. धाकटा ट्रेमधल्या माशा दाखवत होता. "ही बघा, ढगाळ हवेला हीच चालते. आमच्याकडचीच बांधणी." गिऱ्हाईक जाईपर्यंत ती दाराशी उभी राहिली. मग पुस्तक काउंटरवर ठेवलं.

धाकट्याने पुस्तकाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग उगाचच ट्रे सरळ केला.

"मी सांगणारच होतो, ताई."

"कधी?"

"म्हणजे, जरा धंद्याची गडबड होती. एक प्रत तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवलीय घरी. विचार वहिनीला हवं तर."

"फोटो उलटवलेस ते कशाला?"

त्याला हायसं वाटलं असावं. हा प्रश्न सोपा होता. "अगं, प्रकाशक म्हणाले, डावखुरं पुस्तक घेणार कोण? शंभरातले नव्वद उजवे. त्यात माझा काय इलाज?"

"आणि नाव?"

"दुकान माझ्या नावावर आहे ना. लोक दुकानाला ओळखतात. हात काय, कुणाचेही असतात. फोटोतल्या हातांचं नाव कुणी विचारतं का कधी?"

"आत माझी वाक्यं आहेत, बाळ्या."

बाळ्या म्हटल्यावर तो चपापला. कित्येक वर्षांत तिने त्याला तसं म्हटलं नव्हतं. त्याने तळवे पँटला पुसले. पन्नाशीला आलेला माणूस, ती सवय मात्र गेली नव्हती.

"तुझं नाव घातलं असतं," तो हळू आवाजात म्हणाला, "तर लोकांनी विचारलं असतं, मग हा काय करतो? वीस वर्षं लोक मला येऊन सांगतायत, काय हात आहे तुमचा. पहिल्यांदा कुणी म्हणालं तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मग दुसरा आला. मग राहूनच गेलं." तो ओशाळं हसला. "तुला कुठे मिरवायची हौस आहे? तू आपली मागे खूश असतेस."

"हे कुणी सांगितलं तुला?"

त्याने उलट विचारलं, "ग्रंथालयात काय सांगितलंस?"

तेव्हा कुठे तिला खरं दुखलं. तोवरचं सगळं एखाद्या जुन्या भीतीचं, चुकलेल्या वेळेचं म्हणून तिने पोटात घातलं असतं. पण हा माणूस तिच्या चेहऱ्याकडे न बघता यादीबद्दल विचारत होता.

"अजून काही नाही सांगितलं."

"चौदा ग्रंथालयं आहेत, ताई. दुसरी आवृत्ती निघेल. आणि हे आपलं, हातांचं वगैरे... त्या बाईंना काही बोलू नकोस हं. उगाच चर्चा होते. घरातलं घरात."

"घरातलं घरात," ती म्हणाली, आणि पडदा सारून मागच्या खोलीत गेली.

खोली तशीच होती. रंगांप्रमाणे लावलेल्या पिसांच्या डब्या, मेणाचा गोळा, खिडकीखालचं टेबल. कोपराने घासून घासून टेबलाची डावीकडची कड गुळगुळीत झाली होती. उजवी कड नव्यासारखी खरखरीत. चापात सकाळची अर्धी माशी होती. ती बसली आणि तिने माशी पुरी केली. वेढे, पीस, नेढ्यामागची जागा, गाठ. तयार माशी ट्रेमध्ये ठेवली. मग टेबलाच्या कडेचा स्क्रू सैल केला, बाबांचा चाप काढला, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत घातला. बाकी कशाला हात लावला नाही. पिसं दुकानाची होती.

पिशवी जड दिसत होती. धाकट्याने ती पाहिली.

"हे काय? परत येशील ना? शनिवारी गर्दी असते, सुट्टीवाले येतात. ट्रेमध्ये जेमतेम तीस असतील."

"शनिवारी माझा वर्ग आहे."

"मग सोमवारी?"

"लिहिलंयस ना सगळं नीट," ती म्हणाली. "फोटोही चांगले आलेत. बघून बघून बांध."

हे तिने चिडून म्हटलं नव्हतं. त्याचे हात काउंटरवर पडले होते, तळवे वर करून, लहान मुलाने दाखवावेत तसे. एरवी तिने ते पुसले असते. तिने पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि पायरी उतरली.

ग्रंथपाल बाई यादी समोर ठेवून वाटच पाहत होत्या.

"तिसरंच घ्या," मावशी म्हणाली.

"वाटलंच मला! कौतुक वाटतं हो तुमचं. भावाभावांत हल्ली बोलणं नसतं, आणि तुम्ही बहीण असून..."

"भावाचं म्हणून नाही सांगत. उघडं राहतं म्हणून."

बाई पेन उचलता उचलता थांबल्या. मावशीच्या चेहऱ्यावर त्यांना काहीतरी दिसलं असावं. "मावशी, काही चुकलंय का पुस्तकात? असेल तर आत्ताच सांगा. एकदा यादी गेली की गेली."

तोंडापर्यंत आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तिने डावा अंगठा नुसता टेबलावर ठेवला असता तरी बाईंनी ओळखलं असतं, डोळा तयार होता त्यांचा. पण मग त्या दहा जणांना मिटणारं पुस्तक मिळालं असतं, नाहीतर मान वाकडी करणारं. आणि पाहुण्याची जागा सोडायला त्यांना कुणी सांगितलं नसतं.

"चुकलेलं काही नाही," ती म्हणाली. "बांधणाऱ्याने नीट बांधलंय."

शनिवारी दहाच्या दहा जण आले. टेबलं एकत्र जोडून लांब मांडणी केली होती, प्रत्येकापुढे एक पुस्तक आणि एक भाड्याने आणलेला चाप. पुस्तकं सगळी पसरून उघडी. तासाभरात सात जणांनी नेढ्यापर्यंत पीस नेऊन ठेवलं. मावशी फिरत होती. "पाहुण्याला बाहेर उभं केलंत की!" म्हणत होती, उसवायला लावत होती. लोक हसत होते. निवृत्त बसचालकाची पहिली माशी झुरळासारखी झाली, आणि त्याने ती बायकोला दाखवायची म्हणून काडेपेटीत ठेवली.

शेवटच्या खुर्चीवर सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका होती. रात्रपाळी करून तशीच आली होती. तिचा दोरा तिसऱ्यांदा सुटला, तेव्हा तिने गळ काढून ठेवला आणि पर्स उचलली.

"काय झालं गं?"

"नाही जमायचं मला, मावशी. फोटो बघते नि हात भलतीकडेच जातो. डावखुरी आहे मी." ती पुटपुटली. "इंजेक्शन देतानाही पेशंट म्हणतात, सिस्टर, उजव्या हाताने द्या. जसं काही त्याने कमी दुखणारे."

मावशी हसली नाही. "बस जरा. पर्स ठेव खाली."

ती हात धुण्याच्या जागेपाशी गेली. बेसिनवरचा आरसा खिळ्यावरून उतरवला, ओढणीने पुसला, आणि आणून टेबलावर पुस्तकाशेजारी उभा केला. मागे टेकू म्हणून दोन जाड कोश लावले. मग पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून चाप काढला, आणि भाड्याच्या चापाच्या जागी तो बसवला. कळ डावीकडे आली.

"आता पुस्तकात बघू नकोस. आरशात बघ."

परिचारिकेने पाहिलं. आरशात डावा हात वेढे देत होता, उजव्याने पीस धरलं होतं, आणि समोरचा चाप आरशातल्यासारखाच दिसत होता. तिने गळ लावला. एक वेढा, दुसरा. दोरा सुटला नाही. तिसऱ्या वेढ्याला तिचे खांदे खाली आले.

"अय्या," ती म्हणाली.

मग हळूहळू तिचं बोट थांबलं. तिने आरशातल्या अंगठ्याकडे, त्याच्या नखावरच्या चिरेकडे पाहिलं. कामच असं होतं तिचं, माणसाआधी हात दिसायचा. तिची नजर आरशातून निघाली आणि टेबलाच्या कडेवर टेकलेल्या मावशीच्या हातावर येऊन थांबली. पुन्हा आरशात गेली.

"मावशी, हे तर..."

"मान खाली," मावशी म्हणाली. "नेढ्यामागे जागा सोड. नेढ्यापर्यंत आलीस बघ."

परिचारिकेने मान खाली घातली आणि जागा सोडली. मावशी तिच्या मागे उभी राहिली, खांद्यावरून पाहत. आरशात पुस्तकातली सगळी अक्षरं उलटी झाली होती, एक ओळही वाचता येत नव्हती. हात तेवढे सुलट होते.